तीस मोजेपर्यंत

ब्रेकचा लाल दिवा दोनदा लागला, दोनदा विझला. मागच्या पाचही गाड्यांनी वेग तोडला. खुशालरावांनी आपली जुनी मोटरसायकल रस्त्याच्या मधोमध उभी केली, किल्ली फिरवली आणि उजवा हात वर केला. एकामागून एक पाचही इंजिनं बंद झाली, पाचही दिवे गेले. कॅनमधलं दूध डुचमळत होतं, ते थांबलं आणि मग आवाज म्हणून काही उरलंच नाही.

"आले काय?" मागून प्रीतमनं विचारलं.

"चूप राय ना बे," संध्या म्हणाली.

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. उजेड इतकाच होता की डांबर करडं दिसावं आणि कपाशीची बोंडं पांढरी. डाव्या हाताला ही पराटी, तिच्यापलीकडे हरभऱ्याची वावरं. उजव्या हाताला गावाची ई-क्लास जमीन, म्हणजे गुरं चारायचं सरकारी पडीक. हरणं रात्रभर हरभरा खायची आणि उजाडताना रस्ता ओलांडून पडकात जायची. दूधही त्याच वेळी वलगाववरून अमरावतीला निघायचं. दोघांचीही वेळ ठरलेली, दोघांनाही ती बदलता येत नव्हती.

पहिली मादी रस्त्यावर आली. डांबरावर खुरांचा टिकटिक आवाज झाला. तिनं मान वळवून या सहा गाड्यांकडे पाहिलं आणि एका उडीत पलीकडे गेली. मग दुसरी, तिसरी. मग दोन एकदम. खुशालराव मनात मोजत होते. अकरा माद्या झाल्यावर शेवटी काळा नर आला, पिळाची शिंगं पाठीवर टाकून, कुणाची भीड नसल्यासारखा. तो गेला.

आता तीस अंक. हा नियमच होता. काळा गेला तरी हात खाली यायचा नाही. तीस मोजायचे आणि मगच यायचा. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. खुशालरावांनी हात खाली करायला घेतला.

"थांबा ना काकाजी," संध्या मोठ्यानं म्हणाली, "माह्या कॅनची पट्टी सुटली."

त्यांचा हात अर्ध्यावर थांबला. आणि त्यांच्या डाव्या गुडघ्यापासून जेमतेम चार हातांवर, वावराच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या गवतातून एक मादी निघाली. तिच्या मागे पिल्लू. दोघंही त्यांच्या चाकासमोरून गेली, इतक्या जवळून की पिल्लाच्या अंगावरचं दव त्यांना दिसलं. समोर आल्यावर दिसलं. त्याच्याआधी तिथे काहीच नव्हतं. गवतही नव्हतं.

"झाली बांधून," संध्या म्हणाली.

खुशालरावांनी वळून पाहिलं. तिच्या कॅनभोवती ट्यूबच्या पट्टीची गाठ तशीच होती, घट्ट, कालची. संध्या दुसरीकडे पाहत होती.

*

या रस्त्यानं एकट्यानं दूध नेण्याचे दिवस खुशालरावांनीच संपवले होते. एकोणीस वर्षांपूर्वी एका मोसमात तीन दूधवाले हरणांवर आदळले. एकाच्या खांद्याचं हाड मोडलं, एकाचे दात गेले, तिसऱ्याचं चाळीस लिटर दूध नालीत गेलं आणि तो त्या दिवशी दुखण्यापेक्षा दुधासाठी जास्त रडला. तिघांचीही चूक एकच होती. हरीण दिसलं की त्यांनी हॉर्न वाजवला होता.

खुशालरावांनी शाळा नववीत सोडली होती, पण एखादी गोष्ट का होते हे पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते आठ दिवस पहाटे सायकलनं येऊन पुलाच्या कठड्यावर बसले. त्यांना दिसलं ते असं. एक हरीण गेलं की बाकीची त्याच्याच मागं जाणार. मध्ये गाडी आली तरी ती थांबत नाहीत, उलट मागं राहण्याच्या भीतीनं जास्त जोरात उडी घेतात. हॉर्न वाजला की पलीकडे गेलेलं अर्ध्यातून परत फिरतं, कारण कळप अलीकडे असतो. आणि दिव्याचा झोत डोळ्यांवर आला की ते जागच्या जागी खिळतं. म्हणजे करायचं काय, तर काहीच नाही. थांबायचं, दिवा घालवायचा, तोंड बंद ठेवायचं. पुढे नव्या गाड्या आल्या, त्यांचा दिवा इंजिन चालू असेतो बंदच होत नाही. तेव्हा इंजिनच बंद करायचं ठरलं.

मग फाट्यावरच्या एसटीच्या निवाऱ्यापाशी सगळ्यांनी जमायचं, पाच-सहा गाड्या झाल्या की रांगेनं निघायचं आणि पुढे एकानं राहायचं, असं सुरू झालं. पुढचा थांबला की सगळे थांबणार, पुढच्याचा हात खाली आला की सगळे निघणार. पुढचा म्हणजे खुशालराव. दुसरं कुणी कधी पुढे गेलंच नाही. अमरावतीच्या दूध संकलन केंद्रावर दुसऱ्या रस्त्यांचे दूधवाले प्लास्टर घालून यायचे, तेव्हा तिथला माणूस म्हणायचा, "वलगाववाले पाहा, हरनाईले सलाम ठोकून येतात अन् तरी तुमच्या पयले पोचतात."  तेव्हा कॅन उतरवताना खुशालरावांची पाठ जरा जास्त ताठ असायची.

एकोणीस वर्षांत रांगेतला एकच माणूस पडला. सुगत. संध्याचा नवरा.

चार वर्षांपूर्वीची डिसेंबरची सकाळ. तेव्हा नियम साधा होता, काळा गेला की रस्ता मोकळा. काळा गेला, खुशालरावांनी हात खाली केला, गाड्या निघाल्या, आणि डावीकडून एक मागं राहिलेली मादी सुगतच्या गाडीवर आली. गुडघ्याची वाटी फुटली. दोन शस्त्रक्रिया झाल्या तरी पाय वाकायचा राहिला तो राहिलाच. तीन महिन्यांनी एका सकाळी निवाऱ्यापाशी सुगतची गाडी आली, तिच्यावर संध्या होती. साडीवर सुगतचं स्वेटर, मागं दोन कॅन. ती रांगेत खुशालरावांच्या मागं जाऊन उभी राहिली. त्याच दिवसापासून तीस अंक सुरू झाले.

*

"हे वाचा," दुसऱ्या दिवशी अमरावतीत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

खुशालरावांनी तक्त्यावरची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ घडाघडा वाचली. सोबत आलेल्या बायकोकडे, रुख्मिणीबाईंकडे, त्यांनी जिंकल्यासारखं पाहिलं.

"म्या सांगतलं होतं ना वं? डोये एकदम फस्क्लास हायेत. उगाच आनलं तुनं."

"म्या नाई आनलं," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "तुमीच आले. तीन दिवसांपासून दाराच्या चौकटीले डावा खांदा ठोकून राहिले, अन् म्हनता फस्क्लास."

मग त्यांना एका यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्याकडे पाहत राहायचं आणि बाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. खुशालरावांना हा खेळ सोपा वाटला. एकोणीस वर्षं ते दुसरं काय करत आले होते? उजव्या डोळ्याला त्यांनी बरीच बटणं दाबली. डाव्या डोळ्याला ते वाट पाहत बसले.

"यंत्र बंद पडलं वाट्टे," ते म्हणाले.

यंत्र चालू होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद समोर धरला. त्यावर डाव्या डोळ्याचं वर्तुळ जवळजवळ सगळं काळं होतं, मधे रुपयाएवढी पांढरी जागा. उजव्याच्याही डाव्या कडेनं काळं सुरू झालं होतं.

"काचबिंदू आहे. यात समोरचं शेवटपर्यंत चांगलं दिसतं, म्हणून माणसाला कळत नाही. आधी बाजूचं जातं. दुखत नाही, लाल होत नाही. थेंब रोज टाकले तर उरलं आहे ते टिकेल. गेलं ते परत येत नाही."

"डाव्या बाजूनं जनावर आलं तं?"

"समोर येईपर्यंत दिसणार नाही."

"हे केव्हापासून असन?"

"वर्षानुवर्षं हळूहळू होतं हे. चार, पाच, जास्तही."

खुशालरावांनी त्या काळ्या वर्तुळावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे चार वर्षांपयले, डिसेंबरात..."

"असू शकेल, नसेलही. आता ते कुणालाच सांगता येणार नाही." त्यांनी चिठ्ठी लिहिली. "गाडी रात्रीची नको, एकट्यानं नको. पुढे कुणी असेल तर त्याच्या मागं, हळू. तेही पुढच्या तपासणीपर्यंतच."

बसमध्ये रुख्मिणीबाईंनी त्यांना खिडकीशी बसवलं आणि स्वतः डावीकडे बसल्या. वलगाव आलं. उतरताना खुशालराव म्हणाले, "तू घरी जाय. मी सुगतकडून येतो."

*

सुगत म्हैस पिळत होता. वाकता येत नसल्यानं त्यानं उंच लाकडी खोका करून घेतला होता, उजवा पाय समोर सरळ काठीसारखा. बादलीत धारांचा आवाज एका लयीत पडत होता.

"या काकाजी. च्या मांडाले सांगू काय?"

"च्या रायू दे." खुशालराव उभेच राहिले. "सुगत, त्या दिवशी ते जनावर डाव्या अंगानं आलतं."

"हो."

"माह्या डाव्या डोयाचं गेलं हाय. कडेचं काईच दिसत नाई. डॉक्टर म्हनते, चार-पाच वर्षं झाले असतीन."

धारा थांबल्या. म्हशीनं मान वळवून पाहिलं. मग धारा परत सुरू झाल्या, पण लय चुकली होती.

"मले बी नाई दिसलं ते," सुगत म्हणाला. "अन् माहे डोये तं चांगले होते."

"तू मांगं होता. हात माहा होता."

सुगतनं धार काढणं थांबवलं. बादली बाजूला ठेवली, हात पुसले.

"हो. हात तुमचा होता." त्यानं खुशालरावांकडे सरळ पाहिलं. "मले राग नसन आला असं वाटते काय तुमाले? वरीसभर होता. बायको अंधारात गाडी काढे अन् मी इथं खोक्यावर बसून राहो. पन ती रोज येऊन सांगे. आज तीस मोजले. आज थंडी लय होती तरी तीस मोजले. आज प्रीतमची घाई होती, त्याले दटावून तीस मोजले." तो थांबला. "काकाजी, ते तीस अंक माह्या नावाचे हायेत. मले मालूम हाय. तुमी सांगतलं नाई तरी."

 खुशालराव गोठ्याच्या ओट्यावर बसले.

"पट्टी सुटली म्हने ते खोटंच होतं," ते म्हणाले.

"कोनती पट्टी?"

"तिनं तुले नाई सांगतलं?"

"नाई बाप्पा."

म्हणजे तिनं घरीही तोंड उघडलं नव्हतं. खुशालराव थोडे हसले, आणि त्या दिवसभरातलं ते त्यांचं पहिलं हसू होतं.

"आता हात कोनाचा राहीन?" सुगतनं विचारलं.

"त्याच्यासाठीच आलो. तुही बायको..."

"मंग मले काहून इचारता? तिले इचारा ना."

*

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला निवाऱ्यापाशी सगळे जमले. खुशालरावांनी आपली गाडी पुढे लावली नाही. स्टँडवर टाकून ते कॅनला टेकून उभे राहिले आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. डाव्या डोळ्याचं, उजव्याचं, डॉक्टरीणबाईंचं. चौथं वाक्य होतं, "आजपासून पुढं संध्या, ती हो म्हनन तं."

 किशोर या रांगेत सुरुवातीपासून होता. त्यानं उगाच कॅनचं झाकण दाबून पाहिलं.

"पन काकाजी," प्रीतम म्हणाला, "पुढच्याची गाडी तं दमदार पायजे ना. माही नवीन हाय. डबल डिस्क. अन् आता काय बाईच्या मांगं जाचं?"

"थांबाले दमदार गाडी कायले लागते बे?" किशोर म्हणाला.

"प्रीतम," खुशालराव शांतपणे म्हणाले, "काल मी नवतो. तुमी आपले थांबले, गेले. किती गेल्या काल?"

"असतीन दहा-बारा."

"किशोर?"

"बारा धरा."

"संध्या?"

संध्या हातमोजे घालत होती. वर न पाहता ती म्हणाली, "चौदा. त्यात दोन पिल्लं. एक मादी मांगच्या डाव्या पायानं लंगडते, ते शेवटी येते, काया नराच्या बी मांगून. परवा तेच रायली होती धुऱ्यावर, पिल्लू घेऊन. तिच्यासाठी तीस पुरत नाई. छत्तीस-अडतीस लागतात."

प्रीतमनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"घे," किशोर म्हणाला. "डबल डिस्क."

सगळे हसले. प्रीतमही हसला, जरा उशिरा. "बरं भाऊ, माह्याकून हो. पन संध्याताई, लंगडीले सांगजा, लवकर उरकत जा म्हना. माहं दूध फाटन."

"तूच सांग. तुही अन् तिची चाल सारखीच हाय, दोघंई उशिरा पोचता."

खुशालराव मनात अजून त्या लंगडीपाशीच होते. काळ्याच्या मागून येणारी मादी. एकोणीस वर्षं त्यांनी कळप मोजला होता. एकेक जनावर ओळखलं नव्हतं. ही पोरगी त्यांच्या पाठीमागं उभी राहून, त्यांच्या खांद्यावरून पाहत, त्यांच्यापेक्षा जास्त शिकली होती.

"मी पुढं राहीन," संध्या म्हणाली, "पन एक बात हाय. तुमी घरी नाई बसाचं. शेवटी राहाचं."

"शेवटी राहून काय करू? दिसत नाई म्हनलं ना."

"समोरचं दिसते ना? किशोरभाऊचा लाल दिवा धरून चाला. अन् थांबलो की मांगून येनारे टेम्पो थांबवा. आपन सहाच्या सहा दिवे बंद करून उभे राहातो, मांगच्याले काय दिसते? आजवर नशिबानं वाचलो. माहा हात मांगच्या टेम्पोले दिसत नाई. तुमाले सारा रस्ता ओयखते."

खुशालरावांनी हा विचार कधीच केला नव्हता. एकोणीस वर्षं त्यांनी फक्त पुढचं पाहिलं होतं. त्यांनी गाडीच्या डिक्कीतून बॅटरी काढून स्वेटरच्या खिशात टाकली.

रांग निघाली. संध्या, मग किशोर नव्हे तर प्रीतम. त्यानं आपणहून तिच्या मागची जागा घेतली होती. शेवटच्या आधी किशोर, आणि सगळ्यात शेवटी खुशालराव. इतक्या वर्षांत त्यांना आपली रांग मागून कधी दिसलीच नव्हती. पाच लाल दिवे, वळणावर वाकणारे, परत सरळ होणारे. थंडीत प्रत्येक गाडीमागं धुराचा छोटा फुगा. छान दिसत होती.

पुलाच्या पलीकडे सगळ्यात पुढचा लाल दिवा दोनदा लागला, दोनदा विझला.

गाड्या थांबल्या. इंजिनं बंद झाली. खुशालरावांनी स्वतःची किल्ली फिरवली, खाली उतरले आणि पाठ कळपाकडे करून मागं पंधरा पावलं चालत गेले. मागून एक टेम्पो येत होता. त्यांनी बॅटरी लावून जमिनीकडे हलवली आणि उजवा हात वर केला. टेम्पो खरकन थांबला. त्यांनी मूठ वळवून खूण केली, ड्रायव्हरनं दिवा घालवला आणि मान बाहेर काढली.

"काय झालं बाबाजी? अपघात हाय काय?"

"नाई. मोजून राहिली."

"कोन?"

"आमची पुढची."

ड्रायव्हरला काही कळलं नाही, पण त्या हातात असं काहीतरी होतं की त्यानं इंजिनही बंद केलं.

आता पाठीमागून खुरांचा आवाज येऊ लागला. टिकटिक, मग उडीची पोकळी, मग परत टिकटिक. खुशालराव न बघता मोजत होते. दहा, अकरा. मग एक जड, सावकाश पावलांचा. काळा. तो गेला आणि शांतता झाली. त्यांनी मनात तीस मोजले. गाड्या निघाल्या नाहीत. एकतीस. बत्तीस. प्रीतम खाकरलाही नाही. चौतीस. पस्तीस.

सदतीसला डांबरावर पुन्हा आवाज आला. तीन पावलं नीट, चौथं ओढलेलं. त्याच्या मागं बारीक, घाईची, पिल्लाची.

मग पुढे एक इंजिन सुरू झालं, मग दुसरं, मग सगळी. किशोरचा लाल दिवा पुढे सरकला तसं कॅनमधलं दूध डुचमळल्याचा आवाज रांगेतून मागं मागं येत गेला. खुशालराव वळले नाहीत. सगळे निघाल्याची खात्री होईपर्यंत ते टेम्पोसमोर तसेच उभे राहिले, आणि मगच त्यांनी आपला हात खाली केला.